वाचक विचारतात : अमेरिकेतली यादवी, लंडनचं राजकारण आणि वऱ्हाडचा कापूस

गेल्या अंकातल्या कापसावरच्या लेखात एक वाक्य होतं : '१८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला.' पूर्ण लेखावर आली नसतील इतकी पत्रं त्या एका वाक्यावर आली. बहुतेकांना भावापेक्षा त्यामागचं परदेशी राजकारण समजून घ्यायचं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. खाली 'दक्षिण' म्हणजे अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघालेली गुलामगिरीवाली राज्यं आणि 'उत्तर' म्हणजे अध्यक्ष लिंकन यांच्या सरकारची बाजू.

प्रश्न : अमेरिकेच्या दक्षिणेकडे कापूस होता, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस पाहिजे होता. माल अडवला तर इंग्लंड आपल्या बाजूने उतरेल हे त्यांचं गणित चुकलं कुठे? भाव पडला की आम्हीही कापूस घरात भरून ठेवतोच.
— एक शेतकरी, हिंगणघाट तालुका

गणित चुकलं वेळेचं. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर जेम्स हॅमंड यांनी मार्च १८५८ मध्ये सिनेटमध्ये सांगून टाकलं होतं की कापूस हा राजा आहे, त्याच्याशी लढायची कोणाची छाती नाही. ब्रिटिश गिरण्यांत लागणाऱ्या कापसापैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास अमेरिकेतून येत होता, त्यामुळे हे बोलणं पोकळ नव्हतं. १८६१ मध्ये दक्षिणेने माल अडवला. सरकारने तसा कायदा केला नाही. मळेवाले, बंदरांतले व्यापारी आणि गावोगावच्या समित्या यांनीच ठरवलं की गाठी बंदरावर येऊ द्यायच्या नाहीत.

आता आपल्या पऱ्हाटीचं वेळापत्रक डोळ्यांपुढे आणा. युद्ध पेटलं एप्रिल १८६१ मध्ये. १८६० चं पीक भरघोस आलं होतं आणि तोवर त्यातला बहुतेक माल समुद्रापार गेला होता. नवीन बोंडं फुटायची ऑगस्ट-सप्टेंबरपासून. म्हणजे मे-जूनमध्ये अडवायला घरात होतंच काय? तिकडे इंग्लंडात मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी १८५९-६० मध्ये गरजेपेक्षा जास्त कापड विणून ठेवलेलं, त्याचे गठ्ठे गोदामांत आणि भारत-चीनच्या बाजारांत पडून. कापूस येणार नाही म्हटल्यावर ज्यांच्याकडे जुना साठा होता, ते व्यापारी मनातून खूशच झाले. बसल्या जागी त्यांच्या मालाची किंमत वाढत होती.

खरी उपासमार सुरू झाली १८६२ च्या उत्तरार्धात. तोपर्यंत भारत, इजिप्त, ब्राझील यांचा माल वाढला होता. भारतातून ब्रिटनला १८६० मध्ये सुमारे ५.६ लाख गाठी गेल्या होत्या, १८६२ मध्ये १०.७ लाखांच्या वर गेल्या. अमेरिकेची तूट त्याने भरली नाही, पण गिरण्या पूर्ण बंद पडायच्या वाचल्या.

दुसरं, इंग्लंडची गव्हाची पिकं १८६० पासून लागोपाठ तीन वर्षं मार खात होती आणि गहू येत होता अमेरिकेच्या उत्तरेकडून. कापसासाठी उत्तरेशी लढाई म्हणजे भाकरीवर पाय. शिवाय कॅनडाची लांबलचक सीमा राखायची आणि समुद्रावरची ब्रिटिश व्यापारी जहाजं धोक्यात घालायची. तागाच्या, लोकरीच्या आणि बंदुकांच्या कारखानदारांना तर या युद्धात बरकतच होती. लढा म्हणून त्यांनी सरकारच्या मागे लागायचं कशाला?

सगळ्यात मोठी चूक मात्र आणखी वेगळी. १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराची कामावर असलेली जहाजं चाळीसेकच होती आणि नाकेबंदी करायची होती साडेतीन हजार मैल किनाऱ्याची. जाळं फाटकं होतं तेव्हाच माल बाहेर काढून युरोपच्या गोदामांत ठेवला असता, तर त्यावर दक्षिणेला हवं तेवढं कर्ज उचलता आलं असतं. पुढे त्यांना विकायची घाई झाली तेव्हा जाळं घट्ट झालं होतं. भाव चढण्याची वाट बघणं ठीक, पण तोवर रस्ता उघडा राहील का, हे कोणी बघितलं नाही.

प्रश्न : इंग्लंडने दक्षिणेला देश म्हणून मान्यता दिली होती की नाही? एका पुस्तकात 'दिली' आहे, एकात 'नाही'.
— शिक्षक, आर्वी

दोन्ही पुस्तकं अर्धवट बरोबर आहेत. १३ मे १८६१ ला राणी व्हिक्टोरियाने तटस्थतेचा जाहीरनामा काढला. त्याने दक्षिणेला 'युद्धमान पक्ष' हा दर्जा मिळाला : कर्ज काढता येतं, तटस्थ देशांत माल खरेदी करता येतो, त्यांची लढाऊ जहाजं चाचे ठरत नाहीत. स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता ही त्यापुढची पायरी. ती ब्रिटनने दिली नाही, फ्रान्सनेही नाही. उत्तरेला मे महिन्यातल्या जाहीरनाम्याचाही फार राग आला. पण लिंकननी एप्रिलमध्ये आपलीच बंदरं 'बंद' करण्याऐवजी त्यांची 'नाकेबंदी' पुकारली होती, आणि नाकेबंदी हा शब्द कायद्याने युद्धातलाच आहे. समोर युद्धमान पक्ष आहे हे त्यांच्याच तोंडून आधी निघालं होतं.

नाकेबंदीबद्दल १८५६ च्या पॅरिस घोषणेचा नियम असा की ती कागदावर चालत नाही, प्रत्यक्षात परिणामकारक असावी लागते. दक्षिणेचे दूत लंडनला येऊन नाकेबंदी चुकवून गेलेल्या जहाजांच्या याद्या दाखवत राहिले. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रसेल यांनी फेब्रुवारी १८६२ मध्ये उलटा कौल दिला : बंदरात ये-जा करणं उघड धोक्याचं झालं असेल तर तेवढं पुरे. उद्या आपल्यालाच कोणाची तरी नाकेबंदी करावी लागेल, हे जगातल्या सगळ्यात मोठ्या आरमाराच्या मालकाला चांगलं कळत होतं.

प्रश्न : 'ट्रेंट' प्रकरणात युद्ध होता होता कसं राहिलं?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, यवतमाळ

८ नोव्हेंबर १८६१ ला उत्तरेच्या 'सॅन जॅसिंटो' या युद्धनौकेच्या कॅप्टन विल्क्सने ब्रिटिश टपालबोट 'ट्रेंट' अडवली आणि तिच्यावरून दक्षिणेचे दोन दूत, मेसन आणि स्लायडेल, उतरवून नेले. त्याची कायदेशीर चूक बारीक होती. संशय असेल तर पूर्ण जहाज ताब्यात घेऊन नौका-न्यायालयापुढे उभं करायला हवं होतं. त्याने माणसं उचलली आणि जहाज सोडून दिलं. न्यायाधीशाचं काम कॅप्टननेच केलं.

लंडनला बातमी पोचली २७ नोव्हेंबरला. १८५८ ची अटलांटिक तार काही आठवड्यांतच मेली होती आणि नवी चालू झाली १८६६ मध्ये, त्यामुळे सगळा पत्रव्यवहार बोटीने, एका बाजूला दहा-बारा दिवस. ही दिरंगाईच उपयोगी पडली. राग निवायला वेळ मिळाला. खलित्याचा कडक मसुदा राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी आजारपणात बसून मवाळ केला : विल्क्सने वॉशिंग्टनच्या हुकमाशिवाय हे केलं असावं, असं मानायला त्यांनी जागा ठेवली. १४ डिसेंबरला ते वारले. उत्तर द्यायला सात दिवसांची मुदत होती. २६ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांनी माणसं सोडायचं कबूल केलं.

यातला एक भारतीय धागा सहसा सांगितला जात नाही. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो आणि तेव्हा चांगला सोरा यायचा मुख्यतः बिहारकडून, ब्रिटिशांच्या हातून. उत्तरेसाठी दारू बनवणाऱ्या ड्यू पाँट कंपनीचा माणूस त्याच दिवसांत इंग्लंडमध्ये सोऱ्याचे साठे उचलत होता. ब्रिटनने निर्यात थांबवली आणि तंटा मिटल्यावरच माल सोडला. कापसाची धमकी वर्षभर गाजली. सोऱ्याची कोणी बोलूनही दाखवली नाही, पण वॉशिंग्टनला ती पुरेशी ऐकू गेली.

प्रश्न : तटस्थ देशात लढाऊ जहाज बांधायला बंदी होती म्हणता, मग दक्षिणेचं 'अलाबामा' इंग्लंडात बांधलंच कसं?
— निवृत्त पोस्टमास्तर, मूर्तिजापूर

कायद्यातली फट शोधून. १८१९ च्या परकीय भरती कायद्याने युद्धमान पक्षासाठी जहाज 'सज्ज' करायला मनाई होती. दक्षिणेचे हस्तक जेम्स बुलक यांना वकिलांनी सल्ला दिला की नुसतं जहाज बांधणं गुन्हा नाही, ब्रिटिश हद्दीत त्यावर तोफा चढवणं गुन्हा आहे. मग काम तुकड्यांत वाटलं. बर्कनहेडच्या लेअर्ड गोदीत २९० क्रमांकाचा सांगाडा बांधला. पाण्यात सोडताना नाव ठेवलं 'एनरिका'. २९ जुलै १८६२ ला चाचणीफेरी म्हणून पाहुण्यांसह जहाज बाहेर काढलं, पाहुण्यांना दुसऱ्या बोटीने परत पाठवलं आणि जहाज परत आलंच नाही. तोफा आणि कोळसा वेगळ्या जहाजाने अझोर्स बेटांजवळ पोचवले. २४ ऑगस्टला भर समुद्रात नाव बदललं, झेंडा बदलला.

अमेरिकेचे लिव्हरपूलमधले वाणिज्यदूत टॉमस डडली यांनी खलाशांच्या शपथपत्रांसह पुरावा आधीच दिला होता. पण कागद ज्या सरकारी कायदेपंडिताकडे मतासाठी गेले, त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला होता आणि फाईल तशीच पडून राहिली. जहाज अडवायचा निर्णय झाला तेव्हा पक्षी उडाला होता. सरकारी टेबलावर अडकलेल्या कागदाने एवढी मोठी किंमत क्वचितच मोजायला लावली असेल : अलाबामाने साठाहून अधिक जहाजं पकडली, आणि अशा जहाजांच्या नुकसानीपोटी ब्रिटनला १८७२ च्या जिनिव्हा लवादानुसार १ कोटी ५५ लाख डॉलर भरावे लागले. जहाज स्वतः १९ जून १८६४ ला फ्रान्सच्या शेरबूरजवळ 'किअरसार्ज'शी लढताना बुडालं. त्याआधी जानेवारी १८६४ मध्ये ते मलबार किनाऱ्यावर येऊन एक अमेरिकी जहाज जाळून गेलं होतं.

त्याच लेअर्ड गोदीत दक्षिणेसाठी दोन चिलखती जहाजंही तयार होत होती. सप्टेंबर १८६३ मध्ये अमेरिकी राजदूत चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स यांनी रसेलना लिहिलं की ही जहाजं सुटली तर त्याचा अर्थ युद्ध. ते पत्र पोचण्याआधीच रसेलनी ती अडवायचं ठरवलं होतं. पुढे ब्रिटिश सरकारने ती स्वतःच विकत घेऊन टाकली.

प्रश्न : कापसावर काढलेल्या कर्जरोख्याचा हिशेब समजावून सांगा.
— पतसंस्थेतले एक कर्मचारी, कारंजा

मार्च १८६३ मध्ये पॅरिसच्या एर्लांगर पेढीमार्फत दक्षिणेने ३० लाख पौंडांचे रोखे काढले, व्याज ७ टक्के. शंभराचा रोखा लोकांना नव्वदला. पेढीने मात्र तो दक्षिणेकडून सत्त्याहत्तरला घेतला होता, मधला फरक पेढीचा.

आकर्षण कापसाचं होतं. रोख्याच्या बदल्यात पौंडाला (वजनाच्या) ६ पेन्स दराने कापूस मागता येत होता. १०० पौंड म्हणजे २४,००० पेन्स. त्याला ६ ने भागा : ४,००० पौंड वजन. लिव्हरपूलच्या कापूसबाजारात तेव्हा भाव वीस पेन्सांच्या वर. वीसच धरला तरी त्या कापसाचे ३३३ पौंड होतात. नव्वद टाकून तीनशे तेहतीस!

मेख अशी की युद्ध चालू असेपर्यंत कापूस मिळणार तो दक्षिणेतच, नदी किंवा रेल्वेपासून दहा मैलांच्या आत. तिथून नाकेबंदी फोडून लिव्हरपूलला आणायचा ज्याचा त्याने. थोडक्यात, रोखा घेणारा दक्षिणेच्या विजयावर पैज लावत होता. रोख्यांचा भाव घसरू लागला तसे दक्षिणेच्याच हस्तकांनी कर्जाच्या पैशातून ते रोखे बाजारात विकत घेऊन भाव धरून ठेवला. जुलै १८६३ मध्ये दक्षिण गेटिसबर्गची लढाई हरली आणि व्हिक्सबर्ग हातचं गेलं, त्यावर तेही जमेना. युद्धानंतर अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीने दक्षिणेची सगळी कर्जं बेकायदा ठरवली. रोखे रद्दीत.

प्रश्न : लँकशायरचे कामगार उपाशी राहूनही गुलामगिरीच्या विरोधात उभे राहिले, हे खरं की गोड गोष्ट?
— ग्रंथपाल, वरुड

खरं आहे, पण सगळं नाही. ३१ डिसेंबर १८६२ ला लँकशायर या कापडगिरण्यांच्या जिल्ह्यात, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा झाली आणि लिंकनना पाठिंब्याचं पत्र गेलं. लिंकननी १९ जानेवारी १८६३ ला उत्तर दिलं. फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून 'जॉर्ज ग्रिस्वोल्ड' जहाज पिठाची पिंपं घेऊन लिव्हरपूलला आलं. त्या हिवाळ्यात पाच लाखांच्या आसपास माणसं मदतीवर जगत होती.

पण त्याच जिल्ह्यात दक्षिणेच्या बाजूनेही सभा झाल्या. काही गावांत लोकांचा सूर सरळ होता : नाकेबंदी मोडा आणि कापूस आणा. मार्च १८६३ मध्ये स्टेलीब्रिजला मदतवाटपावरून दंगल झाली. लिव्हरपूलचे व्यापारी आणि लंडनचं 'टाइम्स' दक्षिणेकडे झुकलेले. हेन्री हॉट्झ नावाचे दक्षिणेचे हस्तक तर लंडनमधून 'इंडेक्स' नावाचं साप्ताहिकच चालवत होते. आणि या कामगारांपैकी बहुतेकांना मतही नव्हतं. मग त्यांच्या सभांनी काय झालं? तर सरकारला न लढण्याचं कारण मिळालं. १८६२ च्या शरद ऋतूत पंतप्रधान पामर्स्टन आणि रसेल मध्यस्थीचा विचार करत होते, अर्थमंत्री ग्लॅडस्टन ७ ऑक्टोबरला न्यूकॅसलला बोलून बसले की दक्षिणेने राष्ट्र घडवलं आहे. फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने सहा महिन्यांच्या युद्धबंदीचा प्रस्ताव पाठवला. नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने तो नाकारला. १ जानेवारी १८६३ ला गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू झाल्यावर तर दक्षिणेची बाजू घेणं म्हणजे उघड गुलामगिरीची बाजू घेणं झालं. तोवर लिंकन स्वतःच हे युद्ध फक्त संघराज्य टिकवण्याचं आहे असं म्हणत होते, म्हणून इंग्रज उदारमतवाद्यांचाही गोंधळ उडत होता.

प्रश्न : भाऊ, मले येवढंच सांगा, आपला कापूस येवढा गेला तं मंग लढाई संपल्यावर त्यायनं आपल्याले काऊन सोडलं?
— वणी

गरज सरो, वैद्य मरो. पण कारण मशीनमध्येही होतं. आपला देशी कापूस कोणत्याही गावचा असो, तिकडे त्याचं सरसकट नाव 'सुरत'. त्याचा धागा अमेरिकी कापसापेक्षा आखूड. गिरणीतल्या रुळांमधलं अंतर धाग्याच्या लांबीप्रमाणे ठेवलेलं असतं. आखूड धाग्याला ते कमी करावं लागतं, नाहीतर पीळ बसण्याआधीच सूत सुटतं. अंतर बदललं तरी सूत जास्त तुटायचं, केर जास्त निघायचा. विणकराला मजुरी नगावर, म्हणजे तुटलेला प्रत्येक धागा त्याच्या पोटावर.

त्यात मालात सरकी, माती, पाणी. हे पाप आपल्या दलालांचंही होतं. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदाच केला. लँकशायरमध्ये 'सुरत' हा शब्द भिकार मालासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला. तरी हिंगणघाटचा लांब धाग्याचा 'बनी' कापूस वेगळ्या नावाने ओळखला जायचा, हे तुमच्या भागाला सांगायला हरकत नाही.

रस्त्याचीही गोष्ट आहे. भाव आभाळाला टेकले तेव्हा वर्धेकाठचा माल बंड्यांवर आणि बैलांच्या पाठीवर आठवडेच्या आठवडे चालत होता. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये, खामगावची शाखा १८७० मध्ये. रूळ आले तोवर भाव गेले होते. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शस्त्रं ठेवल्याची बातमी आली, आणि १ जुलै १८६५ ला मुंबईत वायद्यांचे व्यवहार चुकते करायची वेळ आली तेव्हा एकामागून एक पेढ्या कोसळल्या.

प्रश्न : महात्मा फुल्यांचा या युद्धाशी काही संबंध होता का?
— विद्यार्थी, दर्यापूर

युद्धाशी नाही, पण त्यावरच्या परदेशी लोकमतात त्यांचा आवाज आहे. १८७३ मध्ये निघालेलं 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केलं.

प्रश्न : आमच्याकडे १८६४ ची एक हिशेबवही आहे. त्यात रुईचा भाव 'खंडीला अमुक रुपये' असा आहे. तो लिव्हरपूलच्या पेन्सांशी ताडून कसा बघायचा?
— हिंगणघाट बाजारपेठेतून

मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे जवळपास ३५६ किलो. आजही टीव्हीवर रुईचा भाव सांगतात तो याच खंडीचा. त्या काळी १ रुपया म्हणजे साधारण २ शिलिंग, म्हणजे २४ पेन्स. म्हणून पेन्सांचा भाव गुणिले ७८४, भागिले २४. पाच पेन्सांचे सुमारे १६३ रुपये खंडी, वीस पेन्सांचे सुमारे ६५३. युद्धाआधी आपला माल लिव्हरपूलला पाच पेन्सांच्या आसपास होता, १८६४ मध्ये वीसच्या वर गेला.

वहीतला आकडा यापेक्षा कमी असणारच. लिव्हरपूलच्या भावातून बोटीचं भाडं, विमा, दाबखान्याचा खर्च, दलाली आणि मुंबईपर्यंतची वाहतूक वजा होते. दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक, भाव रुईचा आहे की सरकीसह कापसाचा हे बघत नाहीत. देशी वाणात रुई तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी निघायची, त्यामुळे दोन्ही भावांत तिपटीचा फरक पडतो. दुसरं, गावची खंडी मुंबईच्या खंडीएवढीच धरतात. मण आणि शेर गावागणिक वेगळे होते. वहीत कुठे तरी 'इतक्या शेरांचा मण' अशी नोंद असते, बहुधा वर्षाच्या पहिल्या पानावर किंवा एखाद्या बाहेरगावच्या व्यापाऱ्याच्या खात्यात. आम्हाला फोटो पाठवणार असाल तर फक्त भावाचं पान पाठवू नका, तेही पान पाठवा. पानं उलगडताना घडीवर जोर देऊ नका, जुना कागद तिथेच तुटतो.